सही एका गावात, लढाई दुसऱ्या खंडात : राखीव वैमानिकांची गोष्ट

आपल्या या मालिकेत आजवर आपण लढाया पुष्कळ पाहिल्या. सेनापती पाहिले, तह पाहिले, किल्ले पाहिले. आज लढाई बाजूला ठेवू आणि लढाईच्या कितीतरी आधी होणारी एक छोटी गोष्ट बघू. ती म्हणजे एक सही. शांततेच्या काळात, आपल्या गावात, आपली नोकरी आणि घर सांभाळून एखादा माणूस राखीव हवाई दलात वैमानिक म्हणून नाव घालतो. त्या वेळी त्याच्या मनात काय असतं? आणि पुढे त्याला कुठे जावं लागतं? या दोन गोष्टींमधलं अंतर हा आजचा विषय.

हा विषय सुचायला कारण घरातलंच झालं. मी हैदराबादेत राहतो. माझ्या मामेबहिणीची मुलगी अमेरिकेत जन्मली, तिथेच शिकली, तिथेच नोकरी करते. तिला विमान चालवण्याचं वेड आहे आणि तिला तिथल्या एअर नॅशनल गार्डमध्ये जायचं आहे. फोनवर तिने मला सरळ विचारलं, "मामा, तुम्ही इतिहास सांगता ना, मग सांगा. मला किती वेळा पाठवतील? किती दिवसांसाठी? माझा मुलगा तीन वर्षांचा आहे." भरती करणारा माणूस तिला एक आकडा सांगत होता, तिथे असलेला ओळखीचा वैमानिक दुसरा सांगत होता, आणि हातातल्या कागदावर तिसरंच काही लिहिलं होतं.

आता आकडा सांगणं हे काही इतिहासाचं काम नाही. पण हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे आणि त्याची उत्तरं वेळोवेळी मिळालेली आहेत. ती एकत्र ठेवली की त्यात एक धागा दिसतो. तोच आज उलगडून बघू.

राखीव वैमानिक ठेवायचा कशाला?

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. कुठल्याही देशाला युद्धात जेवढं सैन्य लागतं, तेवढं शांततेत पोसणं परवडत नाही. म्हणून राखीव दल. माणूस एरवी आपला धंदा करतो, अधूनमधून सराव करतो आणि गरज पडली की हजर होतो.

पण वैमानिकाची अडचण वेगळी आहे. रायफल तेल लावून कपाटात ठेवता येते. विमान चालवण्याचं कसब तसं ठेवता येत नाही. काही महिने उडाला नाही तर हात जड होतो, अंदाज चुकतो. शिवाय एक लढाऊ वैमानिक तयार करायला वर्षं लागतात आणि अफाट खर्च येतो. म्हणजे सरकारच्या नजरेने बघा. तयार वैमानिक हातचा जाऊ देणं परवडत नाही, आणि त्याला पूर्णवेळ पगारावर ठेवणंही परवडत नाही. या अडचणीतून राखीव हवाई दलं जन्माला आली.

अमेरिकेत भरतीच्या वेळी सांगायचं ठरलेलं वाक्य आहे: महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून पंधरा दिवस. लोक त्यांना 'वीकेंड वॉरियर' म्हणायचे, म्हणजे सुटीच्या दिवसाचे शिपाई. वैमानिकाला हे वाक्य कधीच पुरतं लागू पडलं नाही. कसब टिकवायचं तर त्याला महिन्यातले आणखी काही दिवस विमानतळावर जावंच लागतं, आणि त्यासाठी जादा उड्डाणांची सोय नियमांतच केलेली असते. म्हणजे पहिला फरक लढाई सुरू होण्याआधीच दिसतो. सांगितलेले दिवस आणि खरे दिवस वेगळे.

१९३९ : बंदराची राखण, आणि मग?

सुरुवात ब्रिटनपासून करू. १९२० च्या दशकात तिथे ऑक्झिलरी एअर फोर्स निघालं. एकेका शहराची, एकेका परगण्याची स्क्वाड्रन. लंडनच्या ६०१ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये इतके श्रीमंत तरुण होते की तिला लक्षाधीशांची स्क्वाड्रन म्हणत. १९३६ साली त्याच्या जोडीला रॉयल एअर फोर्स व्हॉलंटियर रिझर्व्ह आलं. त्यात कारकून, बँकेतले नोकरदार, शिक्षक असे मध्यमवर्गीय तरुण सरकारी खर्चाने उडायला शिकले. पुष्कळांना उडण्याची हौस होती आणि ती स्वतःच्या खिशातून भागणारी नव्हती. १९४० च्या उन्हाळ्यात हेच लोक ब्रिटनच्या आकाशात जर्मन विमानांशी झुंजत होते. त्या लढाईत ऑक्झिलरीच्या १४ स्क्वाड्रन होत्या.

आता आपल्याकडे या. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. १९३९ साली युद्ध सुरू झालं तेव्हा आपल्याकडे पूर्ण अशी एकच स्क्वाड्रन होती. दुसरीकडे देशात फ्लाइंग क्लब होते. मुंबईत, दिल्लीत, मद्रासेत हौशी तरुण छोट्या विमानांवर शिकत होते. सरकारने त्यांच्याकडे बघितलं आणि इंडियन एअर फोर्स व्हॉलंटियर रिझर्व्ह उभं राहिलं. त्यातून किनारा सांभाळणाऱ्या तुकड्या निघाल्या. मद्रास, मुंबई, कलकत्ता, कराची, कोचीन आणि विशाखापट्टणम, अशी बंदरं वाटून दिली. काम काय? समुद्रावर गस्त घालायची, जहाजांच्या ताफ्यांवर लक्ष ठेवायचं. विमानं वापिती, ऑडॅक्स अशी जुनी. त्यात बड्या कंपन्यांतले युरोपियन होते, तसे आपले तरुणही होते.

अशा तुकडीत नाव घालणाऱ्याची समजूत काय असेल? आपलं शहर, आपलं बंदर. दिवसा गस्त, रात्री आपल्याच गावात मुक्काम. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि हे चित्र फाटलं. किनाऱ्याच्या या तुकड्यांपैकी काहींना बर्मात, मोलमिनला पाठवलं गेलं. बंदराची राखण करायला आलेली माणसं आघाडीवर पोचली. १९४२ च्या अखेरीस या तुकड्या मोडल्या आणि त्यांतली माणसं नव्या नियमित स्क्वाड्रनमध्ये विखुरली.

याच राखीव दलातले २४ वैमानिक १९४० साली बोटीने इंग्लंडला गेले. त्यांच्यात महिंदरसिंग पुज्जी होते. शेल कंपनीतली चांगली नोकरी सोडून ते गेले. पगडी बांधूनच विमान चालवीन असा त्यांचा आग्रह होता. इंग्लंडवर उडाले, मग उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात, आणि शेवटी बर्मात. त्यांच्यातच मनमोहनसिंग होते. १९३० साली 'मिस इंडिया' नावाच्या छोट्या विमानातून इंग्लंड ते भारत एकट्याने आलेले, त्या काळी देशभर गाजलेले वैमानिक. ३ मार्च १९४२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रूम नावाच्या बंदरावर जपानी विमानांनी हल्ला केला. त्यात ते गेले. रावळपिंडीचा माणूस, भारताच्या राखीव दलात सही केलेला, आणि शेवट कुठे? ऑस्ट्रेलियात.

तिसरं उदाहरण वेगळ्या वळणाचं आहे. प्रतापचंद्र लाल दिल्लीच्या फ्लाइंग क्लबात ऐन तारुण्यात उडायला शिकले. नोव्हेंबर १९३९ मध्ये ते राखीव दलात आले. युद्धापुरती नोकरी, असा तो सगळा मामला. पण ते थांबले. बर्मात स्क्वाड्रन चालवली, आणि १९७१ च्या युद्धात तेच आपले हवाई दल प्रमुख होते. म्हणजे सहीची मुदत संपल्यावरही माणूस कुठे पोचेल हे सांगता येत नाही. कुणी ब्रूमला, कुणी हवाई दल प्रमुखांच्या खुर्चीवर.

१९५० : ज्यांना पगार नव्हता त्यांनाच आधी बोलावणं

आता अमेरिकेत जाऊ, कारण राखीव वैमानिकांचा प्रश्न सगळ्यांत जास्त तिथेच पेटला. दुसरं महायुद्ध संपलं आणि लाखो माणसं घरी गेली. पुष्कळ वैमानिकांनी राखीव यादीत नाव राहू दिलं. सराव नाही, पगार नाही, फक्त यादीत नाव. त्यांची समजूत अशी, की तिसरं महायुद्ध झालं तरच बोलावतील, आणि ते झालं तर सगळ्यांनाच जावं लागेल.

२५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटलं. हे महायुद्ध नव्हतं. अमेरिकी हवाई दलाला वैमानिक मात्र ताबडतोब हवे होते. तेव्हा काय केलं? ज्या राखीव तुकड्या दर महिन्याला सराव करत होत्या आणि त्याचे पैसे घेत होत्या, त्यातल्या पुष्कळ सुरुवातीला राखून ठेवल्या. उद्या युरोपात रशियाशी जुंपली तर अखंड तुकड्या लागतील, असा हिशेब. आणि कोरियासाठी एकेकटी माणसं बोलावली, त्या नुसत्या यादीतली. एक महायुद्ध लढून आलेली, तिशी ओलांडलेली, घरकर्ज काढलेली, मुलंबाळं असलेली. पुढे पुढे तुकड्याही गेल्या. एअर नॅशनल गार्डची सुमारे ४५ हजार माणसं बोलावली गेली. राखीव हवाई दलातून एकूण लाखाहून जास्त माणसं आली. काही तुकड्या तर बोलावून लगेच मोडल्या आणि माणसं दुसरीकडे भरतीला वापरली.

या सगळ्यातला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे टेड विल्यम्स. आपल्याकडे समजेल असं सांगायचं तर ऐन बहरातल्या सुनील गावसकरला मालिकेच्या मधोमध सैन्यात बोलावल्यासारखं. बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा तो महान फलंदाज. दुसऱ्या महायुद्धात तो मरीन दलात वैमानिक झाला, दुसऱ्यांना शिकवलं, पण प्रत्यक्ष लढाई बघण्याआधी युद्ध संपलं. नाव राखीव यादीत राहिलं. जानेवारी १९५२ मध्ये हुकूम आला. वय ३३. कित्येक वर्षांत लढाऊ विमानाला हात नाही, आणि आता चालवायचं होतं जेट. त्याला राग आला होता आणि तो त्याने लपवला नाही. पण तो गेला. कोरियात त्याने ३९ मोहिमा केल्या. १६ फेब्रुवारी १९५३ रोजी त्याच्या विमानाला मार बसला. चाकं बाहेर येईनात. पेटतं विमान त्याने धावपट्टीवर पोटावर उतरवलं आणि बाहेर उडी टाकली. त्याच स्क्वाड्रनमध्ये जॉन ग्लेन होता, पुढे पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारा पहिला अमेरिकी.

टेड विल्यम्स परत येऊन पुन्हा खेळला. पण नाव नसलेले हजारो होते. १९५२ च्या वसंतात बोलावून आणलेल्या काही राखीव अधिकाऱ्यांनी उडायलाच नकार दिला. वर्तमानपत्रांत गाजलं, लष्करी खटल्यांपर्यंत गेलं. ही माणसं भित्री होती असं म्हणणं सोपं आहे. त्यातल्या कितीतरी जणांनी जर्मनी आणि जपानवर मोहिमा केल्या होत्या. त्यांचा प्रश्न भीतीपेक्षा न्यायाचा होता. एकदा माझी पाळी झाली, आणि शेजारचा जो दर महिन्याला सरावाचे पैसे घेतो तो घरी आहे, हे कसं?

सरकारला हे ऐकावं लागलं. जुलै १९५२ मध्ये नवीन कायदा झाला. राखीव माणसांचे तीन वर्ग केले. पहिला तयार, दुसरा थांबून राहणारा, तिसरा निवृत्त. आधी कोण जाणार आणि कोण नंतर, हे कागदावर आलं. आजचा अमेरिकी राखीव वैमानिक सही करतो तेव्हा त्या कागदामागे कोरियाला गेलेल्या या चिडलेल्या माणसांचा वाटा आहे.

१९६८ : एकाच महिन्यातली दोन माणसं

१९६१ साली बर्लिनवरून ताण वाढला. केनेडींनी एअर गार्डची सुमारे २१ हजार माणसं बोलावली. शरद ऋतूत त्यांची लढाऊ विमानं अटलांटिक ओलांडून युरोपात उतरली. लढाई झाली नाही. माणसं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घरी परतली. पण तेवढ्या काळात कितीजणांची दुकानं बसली, नोकऱ्या अडकल्या. लढाई न होताही वर्ष जातं, हा धडा तेव्हाचा.

मग व्हिएतनाम. जुलै १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ठरवलं, सैन्य वाढवायचं ते सक्तीच्या भरतीने, राखीव दलं बोलवायची नाहीत. राखीव दल म्हणजे गावोगावचे डॉक्टर, वकील, दुकानदार. त्यांना उचललं की देशात आरडाओरडा होणार. या निर्णयाचा परिणाम उलटाच झाला. नॅशनल गार्ड ही व्हिएतनाम टाळण्याची जागा ठरली. गार्डमध्ये शिरण्यासाठी प्रतीक्षा यादी लागली. ती एक लाखाच्या घरात गेली. म्हणजे सैन्यात जाण्याची रांग, आणि ती युद्धाला जावं लागू नये म्हणून!

२३ जानेवारी १९६८ रोजी उत्तर कोरियाने प्वेब्लो हे अमेरिकी जहाज पकडलं. दोन दिवसांनी जॉन्सननी काही हवाई राखीव तुकड्या बोलावल्या. बोलावणं झालं कोरियाच्या निमित्ताने, पण त्यातल्या चार एफ-१०० स्क्वाड्रन व्हिएतनामला गेल्या. कोलोरॅडोची, आयोवाची, न्यू मेक्सिकोची आणि न्यूयॉर्कची. त्यात कितीतरी वैमानिक एरवी प्रवासी विमान कंपन्यांत नोकरी करणारे. त्यांच्या खात्यावर नियमित दलातल्या तरुणांपेक्षा जास्त उड्डाण-तास होते. वर्षभरात त्यांनी सुमारे २४ हजार उड्डाणं केली. काहीजण परतले नाहीत.

आता तारखा बघा. मे १९६८ च्या सुरुवातीला कोलोरॅडोची स्क्वाड्रन व्हिएतनाममध्ये फान रांगला उतरली. त्याच मे महिन्याच्या अखेरीस टेक्ससमध्ये जॉर्ज बुश नावाच्या तरुणाने एअर गार्डमध्ये सही केली. तो एफ-१०२ चा वैमानिक झाला आणि त्याची सेवा देशातच झाली. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा यावरून खूप वाद झाले. त्या वादात मला शिरायचं नाही. मला दिसतं ते एवढंच, की एकच देश, एकच दल, एकच महिना. एक माणूस लढाईवर, एक घराजवळ. फरक कशाने पडला? तुमची स्क्वाड्रन कुठली, ती कुठलं विमान उडवते, आणि त्या वर्षी त्या विमानाची गरज कुठे आहे, याने. सही करताना माणूस आपल्या धैर्याचा विचार करतो. पण पुष्कळ काही विमानाच्या जातीवर ठरतं.

राखीव म्हणजे मागे ठेवलेलं, हे कधी संपलं?

व्हिएतनामनंतर अमेरिकी लष्कराने विचार बदलला. १९७० मध्ये संरक्षणमंत्री लेअर्ड यांनी आणि १९७३ मध्ये श्लेसिंजर यांनी धोरण ठरवलं, की नियमित आणि राखीव हे एकच सैन्य धरायचं. पुढचं मोठं संकट आलं तर सक्तीच्या भरतीआधी राखीव माणूस जाईल. १९७३ मध्ये सक्तीची भरतीही थांबली. कागदावर हा छोटा बदल वाटतो. पण त्या दिवसापासून राखीव वैमानिक म्हणजे कडीकुलपात ठेवलेला दागिना राहिला नाही. तो रोजच्या वापराचा झाला.

१९९० मध्ये सद्दाम हुसेनने कुवेत घेतलं आणि हे प्रत्यक्षात दिसलं. ऑगस्टमध्येच बोलावणं निघालं. साउथ कॅरोलायना आणि न्यूयॉर्कच्या गार्डची एफ-१६ विमानं आखातात लढली. मालवाहू आणि हवेत इंधन भरणाऱ्या विमानांचे राखीव वैमानिक तर पहिल्या दिवसांपासून फेऱ्या मारत होते. त्यानंतर इराकवरचं उड्डाणबंदी क्षेत्र, बोस्निया. दर वर्षी काही ना काही. १९९० च्या दशकाच्या शेवटी हवाई दलाने पाळ्याच लावल्या. १५ महिन्यांचं चक्र आणि त्यात ९० दिवसांची तैनाती. राखीव माणसाला ९० दिवस नोकरी सोडणं जड, म्हणून गार्डने तोडगा काढला. दोन-तीन राज्यांच्या स्क्वाड्रन मिळून एक पाळी भरायची आणि माणसं काही आठवड्यांनी बदलायची. आपल्याकडे गणपतीत रात्रीच्या जागरणाच्या पाळ्या लावतात ना, तसंच.

११ सप्टेंबर २००१ नंतर पाळ्यांचं गणितही मोडलं. त्या सकाळी अमेरिकेच्या आकाशात जी लढाऊ विमानं उडाली, त्यात मॅसेच्युसेट्सच्या आणि राजधानी वॉशिंग्टनच्या गार्डची होती. तीन दिवसांत मोठं बोलावणं निघालं. एकेका माणसाला २४ महिन्यांपर्यंत ठेवता येईल असं. आणि २००६ च्या सुमारास आणखी एक विचित्र गोष्ट झाली. कॅलिफोर्निया आणि नॉर्थ डकोटाच्या गार्डकडे ड्रोन आले. वैमानिक आपल्या गावात, आपल्या घरी. सकाळी गाडीने तळावर जायचं, दिवसभर अफगाणिस्तान किंवा इराकवर ड्रोन चालवायचं, संध्याकाळी मुलाच्या शाळेच्या कार्यक्रमाला हजर. तैनाती म्हणजे घर सोडणं, ही व्याख्याच संपली. पण मन घरी होतं का? लढाई आणि घर यांच्यामध्ये प्रवासाचे जे दोन दिवस असायचे, तेही आता उरले नाहीत.

कागदावर काय असतं?

आता कायद्याची शिडी बघू, कारण प्रश्न विचारणाऱ्याला तिचा खरा उपयोग आहे. अमेरिकेत सर्वांत खालची पायरी म्हणजे माणसाची स्वतःची संमती. १९९० च्या दशकातल्या पुष्कळ तैनात्या अशाच, हात वर करणाऱ्यांच्या. दुसरी पायरी, राष्ट्राध्यक्ष आपल्या अधिकारात दोन लाखांपर्यंत माणसं ३६५ दिवसांपर्यंत बोलावू शकतो. तिसरी, त्याने आणीबाणी जाहीर केली तर दहा लाखांपर्यंत, २४ महिने. चौथी, संसदेने युद्ध किंवा आणीबाणी जाहीर केली तर सगळे, आणि युद्ध संपून सहा महिने होईपर्यंत. २००७ मध्ये संरक्षणमंत्री गेट्स यांनी एक उद्दिष्ट ठेवलं, की एका वेळी एक वर्षापेक्षा जास्त नको आणि एक वर्ष गेल्यावर पाच वर्षं घरी. पण उद्दिष्ट आणि कायदा यांत फरक असतो. कायद्याची शिडी वरपर्यंत उभीच आहे.

दुसऱ्या बाजूला १९९४ चा कायदा नोकरी राखतो. राखीव माणूस परत आला की त्याला त्याची जागा, त्याची ज्येष्ठता मिळाली पाहिजे. त्याला साधारण पाच वर्षांची एकूण मर्यादा आहे, आणि आणीबाणीची सेवा त्यात धरत नाहीत. नोकरी वाचते. पण स्वतःचं दुकान असेल, दवाखाना असेल, तर गिऱ्हाईक थांबवून ठेवणारा कायदा कुठल्याच देशात नाही.

या सगळ्या इतिहासातून सही करणाऱ्याने विचारायचे प्रश्न निघतात. पहिला, "किती दिवस?" यापेक्षा "ही स्क्वाड्रन गेल्या दहा वर्षांत कुठे कुठे गेली?" हे विचारावं. दुसरा, विमान कुठलं? इंधन आणि माल वाहणाऱ्या विमानांना थोड्या दिवसांसाठी पण वारंवार जावं लागतं. लढाऊ विमानांच्या तुकड्या बहुधा ठरवून, एकत्र जातात. तिसरा, विमान बदलणार आहे का? कारण विमान बदललं की युद्धही बदलतं. चौथा, वैमानिकाच्या शिक्षणाच्या बदल्यात किती वर्षं बांधून घेणार? तिथे आज हा करार दहा वर्षांचा असतो. दहा वर्षांत जग किती बदलतं ते १९३५ आणि १९४५ शेजारी ठेवून बघा. आणि पाचवा प्रश्न भरती करणाऱ्याला नाही, घरच्यांना विचारायचा. मी नसताना काय, याची व्यवस्था आज आहे का?

आणि आपल्याकडे?

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली आपल्या संसदेने राखीव आणि सहायक हवाई दलांचा कायदा केला. त्यात तीन गट आहेत. हवाई दलातून बाहेर पडलेल्यांचं नियमित राखीव दल, हवाई संरक्षण राखीव दल, आणि नागरिकांचं सहायक हवाई दल. पुढे दिल्ली, मुंबई, मद्रास, कलकत्ता अशा शहरांत सहायक स्क्वाड्रन उभ्या राहिल्या. नागरी नोकरी करणारे लोक त्यात उडायला शिकले, सराव केला. या स्क्वाड्रन आज नाहीत. पण कायदा वाचण्यासारखा आहे. त्यात लिहिलं आहे की अशा माणसाला सरावासाठी, नागरी प्रशासनाच्या मदतीसाठी आणि हवाई दलाच्या सेवेसाठी बोलावता येईल, भारतात किंवा परदेशात. त्याची आधीची नोकरी परत मिळण्याची तरतूदही त्यात आहे.

'भारतात किंवा परदेशात.' हे तीन शब्द लिहिणाऱ्यांना १९४२ ताजं होतं. मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांसाठी घेतलेले तरुण कुठवर गेले, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी सहीच्या आधीच शक्यता पूर्ण लिहून टाकली. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. सरकार कधीच सांगू शकत नाही की तुला कुठे पाठवू, कारण पुढचं युद्ध कुठे होईल हे त्यालाही माहीत नसतं. पण कुठवर पाठवू शकतो, हे ते सांगू शकतं, आणि ते त्याने स्पष्ट सांगितलं पाहिजे.

कोरियात चिडलेल्या माणसांची तक्रार नीट ऐकली तर हेच ऐकू येतं. जायला त्यांची ना नव्हती, पुष्कळजण गेलेच. आधी सांगितलेलं एक आणि नंतर झालेलं दुसरं, याने विश्वास तुटला. राखीव दल विश्वासावर चालतं. नियमित सैनिक रोज बराकीत असतो, त्याला हुकूम पुरतो. राखीव माणूस रोज आपल्या घरी असतो. तो पुढच्या वर्षी पुन्हा सही करील की नाही, हे या वर्षी तुम्ही त्याच्याशी किती खरं बोललात त्यावर ठरतं.

म्हणून कुणाच्या घरात अशी सही होणार असेल, तर तिला 'शनिवार-रविवारचं काम' समजू नका, आणि घाबरून हात आखडताही घेऊ नका. कागद पूर्ण वाचा, सर्वांत वरची पायरी कुठली ते बघा, आणि त्या पायरीपर्यंत जायची तयारी असेल तरच पेन उचला. एवढं केलं की मग पुढे जे होईल ते निदान फसवणूक वाटणार नाही.

पुढच्या भागात याच काळातली दुसरी बाजू बघू. बर्मातून पायी भारतात आलेल्या लाखो निर्वासितांची वाट. तोपर्यंत नमस्कार.